वीरण्णांच्या बांधावरचा पंखा

“आपल्या रानात वारा पायजे तवा चालू, नको तवा बंद!” रेणापूरच्या वीरण्णांनी उमरीच्या पाहुण्यांना फोनवर सांगून टाकलं. बांधाला कंपनीची पवनचक्की उभी राहिल्यापासून वीरण्णांची मानही तेवढीच उंच झाली होती. त्यात लेक ऋतुजाचं लग्न जमत आलेलं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत, फक्त त्याच्या आईवडिलांचा होकार यायचा होता. म्हणून तर येळवशीला, सगळं गाव रानात जेवायला जातं त्या अमावास्येला, त्या दोघांना बोलावलेलं.

पाहुणे आले, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीला टेकून बसले, आणि पवनचक्की ठप्प! वीरण्णांना घाम फुटला. बाभळीमागे जाऊन त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला.

“साहेब, पंखा लावा की! पाहुणे आलेत!”

“काका, वारा नाही.”

“आवो, वारा न्हाई म्हणूनच तर पंखा लावा म्हणून राहिलो!”

“काका, पंख्यानं वारा येत नाही. वाऱ्यानं पंखा फिरतो, तेव्हा वीज तयार होते.”

वीरण्णा गारच पडले. आपण अख्ख्या शिवाराला फुकट वारा वाटतोय, या तोऱ्यात ते इतके दिवस मिरवत होते!

“काय झालं वो?” मुलाचे वडील बसवराज यांनी विचारलं.

“काय न्हाई! आंबिलीत कचरा उडू नये म्हणून मीच बंद ठेवायला लावला.”

बसवराजांनी बायकोकडे पाहिलं. साखराबाईंचा चेहरा उतरला. ऋतुजानं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात वारा सुटला. पाती गरगरू लागली, पत्रावळ्या उडाल्या आणि कोप आडवी झाली ती थेट बसवराजांच्या अंगावर!

“बंद करा वो तुमचा पंखा!” कडब्यातून आवाज आला.

“कसा करू? माझ्या हातात काय बी न्हाई!” वीरण्णा रडकुंडीला आले. “वारा माझा न्हाई, पंखा कंपनीचा. नुसत्या थापा मारल्या मी! पर पोरीचं मोडू नका!”

कडबा सारून बसवराज बाहेर आले आणि पोट धरून हसायला लागले.

“हुश्श, सुटलो बुवा! तुमचा फोन आल्यापासून हिनं धास्ती घेतली होती. ज्याच्या शब्दावर कंपनी बंद पडती, असल्या बड्या घरची पोरगी आपल्याला कशी झेपायची? नकार द्यायलाच आलतो आमी. तुमी तर आमच्यासारखेच निघालात!”

साखराबाईंनी ऋतुजाला जवळ ओढलं. वीरण्णांचा जीव भांड्यात पडला. आपण कुणी बडे नाही, याचा एवढा आनंद त्यांना उभ्या जन्मात झाला नव्हता!