दचकीच्या स्फटिकाचा अभिषेक

एका जंगलात वाघसर तोंडी परीक्षा घेत. घाबरू नका, मुलांनो. ते खात नसत, फक्त नापास करत. त्यापेक्षा खाल्लेलं परवडलं, असं दचकी ससुलीला वाटे.

दचकी पान पडलं तरी दचकायची. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला भिऊन बिळात पळाली होती. म्हणून मावशीनं तिला एक जांभळा स्फटिक दिला. तो मुठीत असला की तिचे पाय लटपटत नसत.

"मऊ आहे हो हा," मावशी म्हणाली. "मिठाचा चुलतभाऊच समज. कोरड्या फडक्यानं पुसायचा. ऊन नको, मीठ नको, आणि पाणी तर नकोच नको."

"एवढंच?" दचकीचं तोंड उतरलं. इतक्या मोठ्या दगडाची इतकुशी सेवा?

परीक्षा उद्यावर आली आणि दगड जरासा मळकट दिसला. दचकी धावत माकडीणकाकूंकडे गेली. काकू वस्तूंचं शुद्धीकरण करून देत. जमलंच तर वस्तूंच्या मालकांचंही.

"अगंबाई! दृष्ट लागलीय याला!" काकू किंचाळल्या. दचकी दोन हात उंच उडाली.

आधी दगड कातळावर उन्हात पडला. जांभळ्याचा पार पांढरा झाला. "बघ, दोष कसे उडाले!"

मग काकूंनी मीठमोहरी ओवाळली आणि उरलेल्या मिठानं तो तांब्यासारखा घासला. चर्र, चर्र! "बघ, पीडा कशी सोलून निघतेय!"

"पण काकू, मावशी म्हणत होती..."

"मावशी काय म्हणणार? तिच्या देवाला कधी नीट आंघोळ तरी मिळते का?"

शेवटी पंचामृताचा अभिषेक. त्यावर ऊन ऊन पाण्याची धार. दचकीनं वाटीत डोकावून पाहिलं. दही होतं, मध होता, एक पोहणारी मुंगी होती. दगड नव्हता.

"काकू, गेला!"

"गेला नाही गं. पूर्ण शुद्ध झाला. चल, तीर्थ घे."

दचकीनं डोळे मिटून घोट घेतला. खारट होता.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या मुठीनं सरांपुढे उभी राहिली.

"सांग," वाघसर गुरगुरले, "मऊ स्फटिक उन्हात ठेवला तर?"

"रंग उडतो, सर!"

"मीठ घासलं तर?"

"चरे पडतात!"

"आणि पाण्यात..."

"विरघळतो हो, सर!" दचकीनं टाहोच फोडला. "सगळाच्या सगळा!"

या वेळी वाघसर दचकले. असं कळवळून उत्तर देणारी विद्यार्थिनी त्यांनी पाहिली नव्हती. दचकी पहिली आली.

"तीर्थाचा गुण!" काकूंनी झाडाझाडावर चढून सांगितलं. संध्याकाळपर्यंत जंगलातले सगळे स्फटिक वाट्यांत बुडाले. मावशीनं तेवढा आपला कोरडा पुसून फडताळात ठेवला. तिचा स्फटिक अजून लखलखतोय. पण तिला कोण विचारतं?

तात्पर्य : नीट जपलेल्या वस्तूपासून काहीच शिकायला मिळत नाही. म्हणून मुलांनो, आवडती वस्तू वेळेवर बिघडवावी. शक्यतो परीक्षेच्या आदल्या दिवशी.