भरदुपारी लागलेली बत्ती

ही गोष्ट २०१९ सालच्या एप्रिलमधली. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका पाइपांच्या कारखान्यात तेव्हा नुकतीच सौरऊर्जेवरची उंच बत्ती आली होती. चार मजल्यांएवढा खांब, माथ्यावर आठ दिव्यांचं कडं, आणि खाली कामगारांच्या क्वार्टर्सच्या भिंतीलगत काळ्याभोर पॅनेलांच्या तिरप्या रांगा. अंधार पडला की बत्ती आपली आपण लागे, उजाडलं की आपली आपण विझे.

मनोरमाबाईंना नेमकं तेच खुपत होतं.

जुन्या हॅलोजनच्या बत्तीचा खटका एकतीस वर्षं त्यांच्या यजमानांच्या, गोपीनाथांच्या हातात होता. संध्याकाळी बत्ती लावताना ते खटका तीनदा वरखाली करत. त्याचा अर्थ, ‘निघालो, चहा टाक.’ मनोरमाबाई आधण ठेवत आणि सातव्या मिनिटाला भिंतीतल्या छोट्या दारातून गोपीनाथ आत येत. ते गेले त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागे खटका त्यांच्या हाताखालच्या चिंतामणकडे आला, तर तोही “आदत पडली आहे भाभी, हात थांबत नी,” म्हणत तीनदाच उघडझाप करी. नवी बत्ती आली, खटका गेला आणि चिंतामणला मालाच्या गेटवर बसवलं.

“अनीश, तुझी बत्ती तीनदा मिचकावता नाही का रे येत?” मनोरमाबाईंनी नागपूरहून आलेल्या तरुण इंजिनिअरला विचारून पाहिलं होतं.

“काकू, प्रोग्रॅम बदलायचा तर मॅनेजरसाहेबांना कारण लिहून द्यावं लागतं. काय लिहू?”

लिहून देण्याजोगं कारण मनोरमाबाईंकडे नव्हतं.

कारखान्याच्या कँटीनला पापड-कुरडया पुरवतात म्हणून यजमानांमागेही त्यांची क्वार्टर्समधली खोली राहिली होती. पण नव्या शेडमुळे अंगणातलं ऊन गेलं. भिंतीपलीकडची पॅनेलं मात्र दिवसभर तापलेली, स्वच्छ, कोणाच्या पायात न येणारी. एका मंगळवारी त्यांनी छोट्या दारातून जाऊन कोपऱ्यातल्या पॅनेलवर सतरंजी अंथरली, तिच्यावर गोपीनाथांचं जुनं धोतर घातलं आणि कुरडया घालून त्या घरी आल्या.

दिवस आहे की रात्र, हे बत्तीला त्याच कोपऱ्यातल्या पॅनेलवरून कळत असे. साडेबारा वाजता आठही दिवे झगझगीत लागले.

चिंतामणने वर पाहिलं, मग भिंतीवरचा हुकूम पाहिला. ‘बत्ती लागताच गेट बंद करावे. त्यानंतर कोणासही आत घेऊ नये.’ खाली मॅनेजर नानासाहेबांची सही. त्याने गेट ओढून घेतलं.

“अरे भिया, सूरज डोक्यावर आहे!” पहिला ट्रकवाला ओरडला.

“मला सूरज नको दाखवू. बत्ती सेन्सरवाली आहे, गलत नी होत.”

बघता बघता अकरा ट्रक उभे राहिले. बाराव्या जागी मोटार होती. तिच्यात खुद्द नानासाहेब आणि ही बत्ती बघायलाच हेड ऑफिसहून आलेले दोन पाहुणे. पुढच्या गेटचा रस्ता खोदलेला असल्याने ते इकडून आले होते. नानासाहेब घाम पुसत गेटशी आले.

“चिंतामण, मी आहे!”

“दिसताय ना साहेब. पण साइन तुमचीच आहे.”

“मग मीच सांगतोय, खोल!”

“लिखित द्या.”

“अरे, लेटरहेड आत केबिनमध्ये आहे!”

“मग उद्या उजाडल्यावर बघू.”

आत अनीश पॅनेलांकडे धावला आणि कुरडया बघून ओरडला. त्याचा आवाज ऐकून मनोरमाबाई आल्या.

“काकू, उचला हे! बत्ती लागलीय!”

घाबरून त्यांनी सतरंजीचं टोक उचललं. बत्ती विझली. ओल्या कुरडया घसरू लागल्या, टोक हातून सुटलं. बत्ती लागली. पुन्हा उचललं, पुन्हा सुटलं. मनोरमाबाई वर बघत राहिल्या. मग त्यांनी टोक उचललं, खाली सोडलं आणि उचललं. या वेळी ते हातून सुटलेलं नव्हतं.

गेटवर चिंतामणने टोपी काढली. “गोपीभिया...” तो पुटपुटला. बत्ती आता विझलेली होती, म्हणून त्याने गेट उघडलं.

“हे तीनदा काय झालं?” आत येताच पाहुण्यांनी विचारलं.

नानासाहेबांनी अनीशकडे पाहिलं. अनीशने सतरंजीकडे पाहणं टाळलं. “वॉर्निंग आहे सर. गेट बंद व्हायच्या आधी ट्रकवाल्यांना इशारा. आज ट्रायल घेतली.”

“हो, ट्रायल,” नानासाहेब घाईघाईने म्हणाले.

“उत्तम! रोज करत जा. लेखी प्रस्ताव पाठवा,” पाहुणे अनीशला म्हणाले.

लिहून देण्याजोगं कारण सापडलं होतं.

नानासाहेब आता निवृत्त होऊन महूला असतात आणि ती कल्पना आपलीच होती असं सांगतात. अनीश पुण्याला गेला. तिथे लावलेल्या बत्त्याही तीनदा मिचकावतात आणि का, ते कोणी विचारत नाही. बत्ती लागल्यावर चिंतामणने अजून कोणासाठी गेट उघडलेलं नाही. पॅनेलांना जाळी लागली, कुरडया कँटीनच्या गच्चीवर गेल्या.

मनोरमाबाई संध्याकाळी तीनदा उघडझाप झाली की आधण ठेवतात, दोन कपांचं. पुढची सात मिनिटं आपण दाराकडे मुळीच बघत नाही, असं त्या सांगतात. त्या दाराची कडी मात्र काढलेली असते.