अंगठ्याचा पाण्याखालचा अर्थ

जिथे काही नसते तिथे काही होत नाही, हा सुरक्षिततेचा मूळ सिद्धांत आहे. आमच्या जवळचा किनारा नवशिक्या पाणबुड्यांसाठी आदर्श ठरला तो याच निकषावर. खडक नाहीत, प्रवाळ नाही, लाटा आळशी. तळाशी वाळू आणि वाळूच्या पलीकडे आणखी वाळू. (मासे येतात, पण चुकून, आणि ओशाळून परत जातात.) होडीसुद्धा लागत नाही. चालत जायचे, बुडायचे, चालत परत यायचे. पायात बदकासारखे लांब जोडे असल्याने चालणे मात्र उलटे. समुद्रात शिरायचे ते समुद्राकडे पाठ करून. मोठे निर्णय घेण्याची ही पद्धत अन्यत्रही रूढ आहे.

सदर किनाऱ्यावर आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, दाखल झाले. कारण निकडीचे होते. दाजींच्या धाकट्या भावाने मागे विमानातून उडी मारली होती, आणि तेव्हापासून तो जेवायला बसला की ती उडी पुन्हा मारत असे. वरची दिशा भावाने अडवल्यामुळे दाजींकडे खालचीच शिल्लक होती. समुद्राच्या तळावर बसल्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडला नाही, तर उरलेल्या आयुष्यातली सगळी जेवणे मान खाली घालून जेवावी लागतील, हे दाजींना कळत होते. कळत नव्हते तेवढे ताईने सांगितले होते.

बुडायला शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून मास्तरांनी खुणा समजावल्या. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे ‘मी ठीक आहे’. अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. नेमके त्याच वेळी दाजी पोट आत घेऊन रबरी पोशाखाची चेन ओढत होते, त्यामुळे कान रिकामे नव्हते. (आपल्याकडे तोंडावर अंगठा दाखवला की नकार, फोनवर दाखवला की होकार, आणि पाण्याखाली दाखवला की सुटका. एवढी खाती एकट्याने सांभाळणारा दुसरा अवयव नाही.)

दाजी बुडाले. खाली त्यांना इतके छान वाटले की, मास्तरांनी खुणेने विचारताच त्यांनी अंगठा उंचावला. मास्तरांनी त्यांना तत्काळ वर आणले. पुन्हा नेले. दाजी आणखी खूश, म्हणून पुन्हा वर. असे होता होता दाजींचा समज झाला की बुडणे म्हणतात ते हेच. आणि मास्तरांचा समज झाला की माणूस भित्रा आहे, पण जिद्दी आहे. दोघांना एकमेकांविषयी आदर वाटू लागला.

शेवटी मास्तर म्हणाले, “साहेब, इतकी भीती वाटत असेल तर राहू द्या ना.”

“भीती कसली? अहो, मस्त चाललंय असं सांगतोय मघापासून.”

मास्तरांनी खुणा पुन्हा शिकवल्या. काठावरून ताई म्हणाली, “अहो, टाकीत हवा आता थोडीच उरलीय म्हणे. या वेळी अंगठा काढलात तर भावजींच्या शेजारी तुम्हीच बसायचं जेवायला. रोज.”

या खेपेस दाजींच्या मास्कमध्ये पाणी शिरले. हळूहळू नाकापर्यंत चढले. वर नेण्याची खूण दाजींना आता अचूक येत होती, पण वर ताई होती. मास्तरांनी कॅमेरा रोखून विचारले, ठीक? डोळे वाटीएवढे करून दाजींनी वर्तुळ दाखवले. पुन्हा विचारले, पुन्हा वर्तुळ. थोडक्यात, मजेत होते तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि जीव घाबरा झाला तेव्हा नियमानुसार खालीच ठेवण्यात आले.

फोटो ग्रुपवर पडला. यच्चयावत नातेवाइकांनी अंगठे पाठवले, धाकट्या भावाने सर्वांत आधी. पाण्याखालच्या भाषेत पाहिले तर ‘या माणसाला आधी वर घ्या’ असा अचूक सल्ला आमच्या कुटुंबाने एकमताने दिल्याचा हा पहिलाच प्रसंग. दाजींनी सर्वांचे आभार मानले आणि तळावरची शांतता काय असते ते जेवताना सांगू लागले.

तुम्हाला दाजींचे हसू आले असेल, तर उत्तमच. फक्त आज सकाळी कुणीतरी तुम्हाला ‘काय, ठीक ना?’ असे विचारले होते, आणि तुम्ही लगेच ‘एकदम’ म्हणालात. तेव्हा पाणी कुठवर आले होते?