दीड इंची फळी

त्याला घरीदारी सगळे मिलिमीटर म्हणत, आणि त्याचा त्याला मनापासून अभिमान होता. बावीस वर्षं तो एका कचेरीत नकाशे काढत होता. घरात खिळा ठोकायचा झाला तरी आधी कागद यायचा, मग पट्टी, मग पेन्सिल, आणि हातोडा यायला कधीकधी पुढचा आठवडा उजाडायचा. पण त्याने ठोकलेला खिळा आजवर कधी हलला नव्हता, हेही कबूल करायला हवं. असा माणूस घरात असला की जिवाला घोर असतो, पण छप्पर गळत नाही.

तर या मिलिमीटरच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन ती घरात फिरायलाही लागली. पण मागच्या दारातून अंगणात उतरायला तीन पायऱ्या होत्या आणि डॉक्टरांनी पायऱ्यांना सक्त मनाई केली होती. जन्मभर अंगणात वावरलेली ती बाई चार महिने खिडकीतून अंगण बघत बसली. मिलिमीटरला ते बघवेना.

"मी अंगणच वर आणून देतो तुला," तो म्हणाला. "दारातून पाऊल टाकलंस की थेट लाकडी डेकवर. पायरी नाही, उंबरा नाही. आणि असं काम करीन की लोक बघायला येतील."

"ओटाच ना?"

"डेक म्हणतात त्याला, आई."

"बरं, डेक. त्यावर ऊन येईल ना?"

ऊन कुठे, किती वाजता येतं याचा तक्ता दुसऱ्या दिवसापासून भरला जाऊ लागला.

मग लाकूड निवडायचं काम निघालं. रोज संध्याकाळी कचेरीतून येताना त्याच्या पिशवीत एक नवा तुकडा असायचा. कधी साग, कधी पाइन, कधी बांबू दाबून केलेली फळी, कधी लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेली. चहाचा कप घेऊन तो आईच्या पलंगावर बसायचा आणि दोघं मिळून त्या तुकड्याची चौकशी करायची. आई तो हातात तोलायची, नखाने खरवडायची, हुंगायची. "हा गुळगुळीत आहे, घसरेन मी." "याला वास येतो रे." नापास झालेले तुकडे पलंगाखाली जात आणि पास झालेले न्हाणीघरातल्या बादलीत आठवडाभर भिजत पडत.

"अहो, आज अंघोळ माणसांनी करायची की फळ्यांनी?" बायको विचारायची. पण तीच बहिणीला फोनवर सांगायची, "आमच्याकडे सासूबाईंच्या काठीचं टोकसुद्धा मोजलंय बरं का. दोन फळ्यांमधल्या फटीत ते अडकायला नको म्हणून."

हे खरंच होतं. फट पाच मिलिमीटरची ठरली होती. अशी माया कुणी पट्टीने मोजून करतं यावर विश्वास बसत नाही, पण हा करत होता.

अखेर साग ठरला, एक इंच जाडीचा. नकाशा तयार होऊन फ्रिजशेजारी भिंतीवर चिकटला. जो तो येऊन त्यापुढे उभा राही आणि मान डोलावून जाई. शेजारचे मास्तर तर चष्मा पुसून दोनदा बघून गेले.

शेवटची परीक्षा म्हणून मिलिमीटरने बैठकीच्या खोलीत विटा रचल्या, वर एक इंची फळी टाकली आणि आईला हात धरून तिच्यावर उभं केलं.

"किंचित लवतंय रे," आई म्हणाली.

झालं! आईच्या पायाखाली लाकूड लवणार? त्याने तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला आणि दीड इंची फळ्या सांगून टाकल्या. बायकोने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. आईचे डोळे भरून आले. या सगळ्या आनंदात भिंतीवरच्या नकाशात मात्र एक इंची फळी तशीच राहिली.

मिस्त्री आले आणि कामाला लागले. मागच्या दाराला कुलूप लागलं, कारण कामाच्या गडबडीत आई चुकून खड्ड्यात पाऊल टाकील अशी मिलिमीटरला धास्ती होती. मिस्त्री बाजूच्या बोळातून ये-जा करत. तीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही, असं ते चहा पिताना सांगायचे. गिऱ्हाईकाने प्रत्येक स्क्रूची जागा आखून दिली होती. नवव्या दिवशी दाराजवळच्या फळ्या बसवण्याआधी त्यांनी कचेरीत फोन केला.

"साहेब, दाराचं काय?"

"सगळं नकाशात आहे, मिस्त्री. नकाशाप्रमाणे करा."

मिस्त्रींनी केलं.

रविवारी सकाळी आई केस विंचरून, काठी घेऊन मागच्या दाराशी उभी राहिली. बाहेर डेकवर तिची खुर्ची मांडून ठेवलेली होती. मिलिमीटरने कुलूप काढलं, कडी सरकवली आणि दार बाहेर ढकललं. दार ढिम्म. त्याने खांदा लावला. मास्तर हातभार लावायला आले.

"फुगलंय जरा," मिलिमीटर म्हणाला.

"साहेब, ते उघडायचं नाही," मिस्त्री बाहेरून म्हणाले. "फळी दाराच्या खालच्या कडेहून वर आलीय. चांगली करंगळीच्या जाडीएवढी."

मिलिमीटर नकाशाकडे धावला. नकाशा निर्दोष होता. एक इंची फळीवरून दार चार मिलिमीटर राखून मजेत फिरत होतं. त्याने त्या 'एक इंच'वर बोट ठेवलं आणि तो मागे वळला.

"मिस्त्री, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, आत उघडणारं दार बसवणार असाल. तुमचा विचार आमच्या पुढचा असतो."

"दिसलं मलाही होतं," बायको म्हणाली. "पण ज्याने काठीचं टोक मोजलं तो अख्खं दार विसरेल, असं कुणाला वाटेल?"

"मी घरी सांगितलं, यात काहीतरी योजना आहे," मास्तर म्हणाले.

तर सगळ्या गल्लीला दिसलं होतं! आदरापोटी एकही माणूस तोंड उघडायला तयार झाला नव्हता.

मिस्त्रींनी वेळ घालवला नाही. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. त्यांनी पिना ठोकून काढल्या आणि दार उचललं, तशी त्याची जुनाट खालची पट्टी त्यांच्या हातात आली. दाराचं आयुष्य तिथेच संपलं. पण समोर ऊन पसरलेलं होतं. आईने काठी टेकली, पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. फळी तसूभरही लवली नाही. ती खुर्चीत बसली आणि तिने पाय उन्हात पसरले. काम खरोखर देखणं झालं होतं, आणि दाराची गोष्ट सोडली तर त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

मिलिमीटर मान खाली घालून तिच्या शेजारी येऊन बसला.

"तुलाही दिसलं होतं का, आई?"

"मला त्याच दिवशी कळलं. फळी जाड केली की ओटा वर येणार."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दोन मिनिटांत दुरुस्त केलं असतंस आणि काम संपलं असतं. रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसत होतास. त्याआधी कधी बसला होतास, आठवतंय?"

जगातलं सगळं टिपून ठेवणाऱ्या त्या माणसाला हे काही केल्या आठवेना. त्याला फार लाज वाटली. त्याने तिचा हात हातात घेतला.

मिस्त्री तोवर मोकळ्या चौकटीला तात्पुरतं प्लाय लावायची तयारी करत होते. आईने त्यांना हाक मारली.

"मिस्त्री, नवं दार सागाचं केलं तर किती दिवस लागतील?"

"तयारच आहे माझ्याकडे, आजी. परवा बसवून देतो."

"मग साग नको," आई म्हणाली. "दुसरं काहीतरी बघू आम्ही."