रंगोपंत साळिंदरांचा नवा डबा

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना घाई होती आणि कुणालाच फारसं काम नव्हतं. असलं जंगल कुठेतरी पाहिल्यासारखं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. मी नाव सांगणार नाही, उगाच वाद नकोत.

तर त्या जंगलात एक खोल खोरं होतं आणि खोऱ्यातल्या एका बिळात रंगोपंत साळिंदर राहत. सोबत बायको गोदाबाई आणि मुलगी कुंदा. रंगोपंत पाणवठा खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी पाणवठ्यावर जनावरांच्या रांगा लावल्या. वाघसुद्धा त्यांच्यापुढे निमूट रांगेत उभा राहायचा म्हणे. म्हणे म्हणजे, ते स्वतःच म्हणायचे.

त्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नव्हती. नेट यायचं ते रंगोपंतांच्या बिळात, जमिनीखालून आलेल्या एका वायरीतून. वायर देवाशेजारच्या कोनाड्यात राउटरला जोडलेली. घरात त्याला राउटर कुणी म्हणत नसे, डबाच म्हणत. गोदाबाई देवाला फूल वाहताना एक डब्यावरही ठेवायच्या. डबा जुना होता, पण चालत होता. आता चालत होता म्हणजे कसा, तर संध्याकाळच्या मालिकेतली सून रडता रडता मध्येच थांबायची आणि पुढचा हुंदका पाच मिनिटांनी द्यायची.

अशात आनंदाची बातमी आली. रंगोपंतांच्या मुलाला, सुधाकरला, मुलगी झाली! सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नदीपलीकडच्या जंगलात गेलेली. सुधाकरही तिकडेच. आणि नदीवरचा पूल नेमका वाहून गेलेला. नातीला बघायला जायची सोय नाही.

बाराव्या दिवशी बारसं. आता सांगा पाहू, बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव कोण सांगतं? आई नाही. आजी नाही. ए, मागच्या रांगेत, झोपू नका! बरोबर, आत्या. म्हणजे आपली कुंदा.

विहीणबाईंचा नेटवरून फोन आला. बोलायला फार गोड बाई. "पुलाचं काही खरं नाही हो. कुंदाताईंनी व्हिडिओवरूनच सांगावं नाव. आम्ही मोबाइल बाळाच्या कानाशी धरू. पाचचा मुहूर्त आहे. पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत थांबू. नाहीच लागला फोन, तर आमच्या मावशी आहेतच, त्या उरकून घेतील."

फोन ठेवल्यावर गोदाबाई फणकारल्या. "उरकून घेतील म्हणे! ती मावशी स्वतःचंच नाव ठेवेल पोरीला. मला माहीत नाही होय!"

भावाला मूल होणार हे कळलं त्या दिवशीच कुंदाने नाव ठरवलं होतं. कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. रंगोपंतांनी लेकीचा उतरलेला चेहरा पाहिला. ते ताडकन उठले.

"डबा बदलायचा," ते म्हणाले.

"आत्ता?" गोदाबाईंनी हात जोडले. "बारसं तोंडावर आलंय. चालतंय ते चालू द्या की हो."

"चालतंय कुठे? रखडतंय! ऐन कुर्रच्या वेळी अडकलं म्हणजे?"

"आणि नवा लागलाच नाही म्हणजे?"

"अगं, मी असा बदलेन की नेट एक क्षणभरसुद्धा बंद पडणार नाही."

मुलांनो, घरातल्या कर्त्या पुरुषाने असं म्हटलं की ओळखावं, आता आठवडाभर घरात काही धड चालायचं नाही.

रंगोपंतांचा एक खात्यातला नियम होता. पाणवठ्यावरची फुटकी डोणी काढायच्या आधी शेजारी नवी डोणी ठेवायची, काठोकाठ भरायची, आणि मगच जुनी हलवायची. एकही जनावर तहानेलं परत जाता कामा नये. तोच नियम त्यांनी डब्याला लावला. नवा डबा आणला. कोनाड्यात जुन्याशेजारी ठेवला. जुन्या डब्याच्या प्रत्येक वायरीला रंगीत दोरा बांधला. मोठा कागद घेऊन त्यावर क्रमवार सगळं लिहिलं. पहिलं कलम होतं, 'हात धुणे'.

"आणि खरी गोम इथे आहे," त्यांनी कुंदाला समजावलं. "नव्या डब्यालाही जुनंच नाव द्यायचं आणि जुनाच पासवर्ड ठेवायचा. म्हणजे तुझ्या मोबाइलला, आईच्या टीव्हीला पत्तासुद्धा लागणार नाही. आपोआप जोडले जातील. कुणाला काही करावं लागणार नाही!"

कुंदा म्हणाली, "अप्पा, हे मात्र छान हं."

रंगोपंत इतके फुलले की त्यांचे काटे भिंतीला टोचले.

मग तालमी सुरू झाल्या. होय, तालमी! सलग तीन संध्याकाळी रंगोपंत कागद वाचायचे, गोदाबाई घड्याळ धरायच्या आणि कुंदा वायर काढायची. पहिल्या दिवशी दोन तास नेट बंद. दुसऱ्या दिवशी दीड तास. तिसऱ्या दिवशी मालिकेतल्या सुनेला तिची हरवलेली बहीण सापडली आणि ते गोदाबाईंना नंतर विहीणबाईंकडून फोनवर कळलं.

"नेट बंद पडू नये म्हणून किती दिवस नेट बंद ठेवणार आहात?" गोदाबाईंनी विचारलं.

"तालमीतलं बंद मोजायचं नसतं," रंगोपंत म्हणाले. तीस वर्षं सरकारी खात्यात काढली की माणूस, म्हणजे साळिंदर, असं बोलू शकतो.

अखेर बारशाचा दिवस उजाडला. सकाळी दहाला रंगोपंतांनी हात धुतले. दोरे बघून वायरी काढल्या, दोरे बघून लावल्या. बटण दाबलं. दिवे लाल झाले, मग पिवळे, मग हिरवेगार. गोदाबाईंनी घड्याळ बघितलं. एक मिनिट चाळीस सेकंद!

आणि नेट काय धावलं म्हणता! चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. विहीणबाईंना फोन लावून बघितला तर त्यांच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसला. रंगोपंतांनी दुपारी दोन वाट्या जास्त आमरस खाल्ला आणि कुणी काही म्हटलं नाही.

चार वाजता कुंदा नवी साडी नेसून बसली. गोदाबाईंनी घुगऱ्या शिजवल्या. इकडे बारसं नसलं म्हणून काय झालं, घुगऱ्या नकोत का? पातेलंभर केल्या, सवयीने.

पावणेपाचला फोन लावला. पाळणा दिसला. फुलांची माळ दिसली. पाळण्याशेजारी मावशी दिसल्या, गजरा माळून, अगदी तयारीत. विहीणबाई म्हणाल्या, "काय हो कुंदाता..." आणि तशाच राहिल्या. तोंड उघडं, हात वर. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं.

"अप्पा!" कुंदा ओरडली.

रंगोपंतांनी वायरी तपासल्या. दोरे तपासले. कागद वाचला. त्यात सगळं होतं, पण हे नव्हतं. पाचला दहा कमी. मग त्यांना आठवलं, नव्या डब्यात एक सोय आहे. आपल्या नेटवर कोण कोण आहे, त्याची यादी दिसते. जुन्यात ती नव्हती. त्यांनी यादी उघडली. घरातल्या तीन-चार वस्तू असतील, अशी त्यांची समजूत.

यादीत त्रेचाळीस नावं होती.

माकड एक ते माकड नऊ. घुबड गुरुजींची शिकवणी. कोल्हा आणि मंडळी. शेजारची सशीण, तिची सासू, सासूचा टीव्ही. कासवभाऊ. नाव जुनं, पासवर्ड जुना! डबा बदलला तेव्हा घरातल्यांसारखेच हेही सगळे आपोआप जोडले गेले होते. दिवसभर आपापल्या उद्योगाला होते, संध्याकाळ होताच घरी येऊन बसले. डबा बदललाय, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

रंगोपंतांचे काटे ताठ उभे राहिले. "यांना पासवर्ड दिला कुणी?"

गोदाबाई पदराशी चाळा करू लागल्या. "हळदीकुंकवाला आल्या होत्या बायका. मागितला. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं हो? पाणी मागितलं तर देतोच ना आपण?"

"आणि कासवाला?"

"त्याला तुम्ही दिलात. पेन्शनचा फॉर्म भरायचा होता त्याला."

कासवाने फॉर्म भरला त्याला चार वर्षं झाली होती. किंवा अजून भरत असेल, कासवच ते.

"अप्पा, पासवर्ड बदला," कुंदा रडवेली झाली. "आत्ताच्या आत्ता!"

बदलायचा कसा, ते कागदात कुठे होतं? पुस्तिका उघडायची, डबा बंद करून चालू करायचा, एवढा वेळ होता कुठे? पाच वाजले होते. रंगोपंत तरातरा बाहेर गेले. खोऱ्याच्या मधोमध उभे राहिले आणि पाणवठ्यावरच्या आवाजात गरजले, "बाहेर या सगळे!"

भराभर डोकी बाहेर आली. झाडावरून, ढोलीतून, बिळांतून. रंगोपंतांनी बोलायला तोंड उघडलं. फुकटे, चोर, लाज नाही वाटत, असं बरंच ओठांवर आलं होतं.

"रंगोपंत, बरे आहात ना?" म्हातारी माकडीण घाबरीघुबरी होऊन खाली उतरली. "तुमच्या नातीला बघितलंत का हो? पूल गेला म्हणे. आम्ही रोज विचारतो एकमेकींना, कशी आहे पोर?"

रंगोपंतांचा राग घशातच विरघळला. काय करणार? बोलायचं होतं 'नेट बंद करा', आणि तोंडातून निघालं, "तिचं बारसं आहे. आत्ता. आमच्या घरी. या सगळे."

"अगंबाई! आणि हे आत्ता सांगताय?"

"चुकलं माझं. पण मोबाइल बंद करून या. टीव्हीही बंद करा. चालू मोबाइल घेऊन एकालाही आत येऊ देणार नाही. रांगेत!"

आणि काय सांगू, आले की सगळे! बारशाला नाही म्हणतं कोण? माकडं आली, गुरुजी शिकवणी सोडून आले, सशीण सासूला घेऊन आली. बीळ गच्च भरलं. कोल्हा दारातच अडकला, तो तिथेच बसला. इतक्या गर्दीत कुणाला टोचू नये म्हणून तिघाही साळिंदरांनी काटे अंगाशी आवळून धरले.

पाच वाजून आठ मिनिटं. पडद्यावरचं चक्र थांबलं. विहीणबाईंचं तोंड मिटलं. मागे मावशी पदर खोचून पाळण्याकडे वाकल्या होत्या.

"थांबा!" कुंदा किंचाळली. "आत्या आहे इथे!"

विहीणबाईंनी मुकाट्याने मोबाइल बाळाच्या कानाशी धरला. बीळभर माणसं, म्हणजे जनावरं, श्वास रोखून उभी. कुंदाने तोंड मोबाइलजवळ नेलं. "कुर्रर्र..." ती म्हणाली. आणि अगदी हळू, "बकुळा."

नदीपलीकडे इवलीशी साळिंदरी दचकली, डोळे उघडले, आणि आवाज आला त्या दिशेला मान वळवली. रंगोपंतांना समोरचं काही दिसेना. त्यांनी डोळे पुसले आणि मोठ्याने नाव म्हणून बघितलं. बकुळा. चांगलं होतं नाव. लेकीने इतके दिवस एकटीने जपलेलं.

मग एकच गलका झाला. माकडांनी टाळ्या पिटल्या. पातेलंभर घुगऱ्या सगळ्यांना पुरल्या, कासवाला मात्र दारात पोचल्यावर तळाच्या मिळाल्या.

"आवाज काय स्वच्छ आला हो!" विहीणबाई पलीकडून म्हणाल्या. "नवीन डबा आणलात वाटतं?"

रंगोपंतांनी घरभर दाटलेल्या पाहुण्यांकडे बघितलं, गोदाबाईंकडे बघितलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "हो. नवीन डबाच."

तात्पर्य: घरातल्यांची जराही गैरसोय न होता राउटर बदलायचा असेल, तर जुनं नाव आणि जुना पासवर्ड कायम ठेवावा, म्हणजे शेजाऱ्यांचीही होत नाही. नेट मात्र खरोखर जोरात हवं असेल, तर नव्या डब्याच्या नादी लागू नये. आठवड्यातून एकदा घरात काहीतरी कार्य काढावं आणि ज्यांच्यामुळे नेट अडतं त्या सगळ्यांना जेवायला बोलवावं.