परतीचे दोर कापणारे नाना

गच्चीवरची टाकी रंगवायला चढल्याबरोबर बायकोला खालची शिडी काढायला लावणारा माणूस आमच्या भिंगारच्या गल्लीत एकच, आमचे शेजारी नाना. "शिडी दिसली की मानूस उतरतो. परतीचे दोर कापले की कामं व्हत्यात," हे त्यांचं कायमचं पालुपद. काकू बिचाऱ्या शिडी शेजारी देऊन बाजारात गेल्या आणि इकडे रंग अर्ध्यात संपला. तरी शिडी नकोच म्हणत भर दुपारी नानांनी वरून दोरी सोडली, मग आम्ही तिला बादली बांधून रंग, पाणी आणि शेवटी जेवणसुद्धा वर पाठवलं. टाकी मात्र पूर्ण रंगली हं.

नाना मूळचे पाथर्डीकडचे, कचेरीतून निवृत्त झालेले. रोज चालायचं ठरवलं, तेव्हा पाकीट नि मोबाईल घरी ठेवून फक्त जाण्याच्या तिकिटापुरते पैसे घेऊन एसटीत बसायचे. येताना चालण्यावाचून गत्यंतरच नको! एकदा गाडीत डोळा लागला, तो उघडला थेट पाथर्डीत. परतले ते ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, कोंबड्या आणि दोन शेळ्यांच्या संगतीनं.

मागच्या हिवाळ्यात काकूंचा उजवा हात मोडला. मी म्हटलं, "नाना, डबा लावा."

"डबा न्हाई. हिला मीच जेवू घालनार. भाकरी मी करनार."

पोळ्यांची पळवाट नको म्हणून लगेच पोळपाट-लाटणं माझ्या ओट्यावर आणून ठेवलं, आणि घरातली झाडून सगळी ज्वारी एकदम दळून आणली. "पीठ संपस्तोवर सुटका न्हाई!"

आता ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना तुकडे पडतात. हे नानांना कोण सांगणार? त्यांचा हात बसायला आणि पिठानं दगा द्यायला एकच गाठ पडली. काकू खाटेवर हसून हसून बेजार.

"अवो, उकळतं पानी घाला पिठात," त्यांनी शेवटी सांगितलं.

त्या दिवशी भाकरी फुगली. नानांनी मला हाक मारून दाखवली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी सहज डोकावले. काकूंचा हात मोकळा, पण त्या ताटापुढे बसलेल्या आणि नाना परातीत भाकरी थापताहेत.

"नाना, आता सोडा की. काकू बऱ्या झाल्या."

नानांनी मान वर केली नाही. "लगीन झाल्यापून ही सगळ्यांच्या मागून जेवली. उरलेली, गार भाकरी. तव्यावरची गरम हिच्या ताटात कुनी कदी टाकलीच न्हाई. मीबी न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून मी काकूंना विचारलं, "कशी झालीय?"

"कडंला कच्ची हाय," काकू म्हणाल्या आणि दुसरीसाठी ताट पुढे केलं.