मागच्या दाराचं नाटक

"नाटक वेळेवर सुरू झालेलं तू कधी बघितलंयस का रं?" मिलिंद गाडीच्या ड्रायव्हरवर, कमलेशवर खेकसला. कमलेशनं काही म्हटलंसुद्धा नव्हतं. त्यानं नुसतं घड्याळाकडे पाहिलं होतं, पण मिलिंदला भडकायला तेवढं पुरतं.

मिलिंद साजगावच्या कारखान्यात फिटर आणि कशेळ्याजवळच्या आपल्या गावात जयंतीच्या नाटकाचा कायमचा दिग्दर्शक. तिथं नाटक नऊचं असलं की आधी सत्कार, मग भाषणं, मग माईकची दुरुस्ती, आणि अकराच्या पुढे कधीतरी पडदा. कलाकाराच्या घरचे आले नसतील तर तोही उघडत नाही. आज त्याची स्वतःची मुलगी, समीक्षा, मुंबईच्या मोठ्या नाटकात पहिल्यांदा उभी राहणार होती. काम छोटंच, फक्त पहिल्या प्रवेशात, तेही मुकं. पण ते डोळे भरून बघायचं म्हणून त्यानं अर्धी आळी टेंपो ट्रॅव्हलरमध्ये भरली होती आणि वाटेत चौक गावच्या ढाब्यावर सगळ्यांना निवांत मिसळ खाऊ घातली होती.

मुंबईत नाट्यगृहाच्या रस्त्यावर शिरल्यावर मात्र सगळ्यांचे डोळे दिपले. नाट्यगृहाला लागून नाट्यगृह, समोर सिनेमे, मध्ये हॉटेलं, आणि सगळीकडे दिवेच दिवे. गाडी लावायला मात्र वीतभर जागा नाही. एकेरी रस्त्यामुळे कमलेश त्याच त्या दिव्यांसमोरून पुन्हा पुन्हा फिरत राहिला.

"मी म्हणत होते, मिसळ परतताना खाऊ," मिलिंदची बायको उज्वला म्हणाली.

"तू गप गं! पावाची दुसरी लादी कोणी मागवली?"

शेवटी कमलेशला गाडीतच सोडून सगळे धावत दाराशी पोचले. रखवालदार हात आडवा करून उभा होता.

"तिसरी घंटा झाली. आता मध्यंतरात सोडणार."

"मध्यंतरात? माझ्या पोरीचं काम पयल्याच प्रवेशात हाय!"

"इथं रोज कोणाची ना कोणाची पोरगी असते, काका."

"मी कलाकाराचा बाप हाय! बाप आल्याबिगर पडदा उघडलाच कसा तुमी?"

रखवालदारानं उत्तर म्हणून दाराला कडी घातली. मिलिंदच्या कानशिलाची शीर उडायला लागली. तो तरातरा इमारतीच्या बाजूच्या बोळात घुसला. तिथं एक जुनं लोखंडी दार होतं. ते थेट रंगमंचाच्या मागे उघडतं, हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यानं त्यावर दोन्ही मुठी आपटल्या.

"दार उघड! माझी पोरगी हाय आत! समीक्षा! उघड, नायतर मोडून टाकीन!"

आत रंगमंचावर समीक्षा एकटीच होती. तिचं काम, घर सोडून शहरात पळून आलेली आणि एका खोलीत गुपचूप रडणारी मुलगी. दारावरचे धक्के ऐकून तिचं रडणं खाडकन थांबलं. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातल्या मुलीचा बाप तिला न्यायला आलाय. समीक्षा उठली आणि तिच्या तोंडून गावचा आवाज निघाला, "पप्पा, गप बसा ना! मी नाय येनार घरी आता, इथंच राहनार हाय!"

रंगमंचावर अंधार झाला आणि टाळ्यांचा कडकडाट उठला. बाहेर मिलिंदनं तो ऐकला आणि तो आणखीनच पेटला. "बघ उज्वला! इथं आपली बेइज्जती चाललीय आन् लोकं टाळ्या पिटतायत!"

दार उघडून या नाटकाचा दिग्दर्शक अनुपम बाहेर आला. मिलिंदनं बाह्या सरसावल्या. अनुपमनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, पुढच्या प्रयोगाला याल? हे आपण नाटकात ठेवू. असा राग आमच्या एकाही नटाला जमत नाही."

"मी पोरीला बघायला आलोय, दार बडवायला नाय!"

मागून समीक्षा आली. तिचे डोळे चमकत होते. "पप्पा, मला बोलायला मिळालं! पन तुमी ओरडलात तरच मी बोलनार ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मिलिंदला नाही म्हणता आलं नाही.

आता प्रत्येक प्रयोगाला तो वेळेच्या आधी हजर असतो. आळीतली माणसं आत पहिल्या रांगेत बसतात आणि तो बोळात, कचऱ्याच्या डब्याशेजारी उभा राहतो. परवा उज्वला मध्यंतरात डोळे पुसत त्याच्याकडे आली.

"काय काम करते हो पोरगी! अंगावर काटा आला."

"म्हंजे करते काय नेमकं? उभी कशी राहते? तोंड कसं करते?"

"ते सांगून समजायचं नाय. बघायलाच पायजे."

पुढच्या प्रयोगाला मिलिंदनं दारावर अशी लाथ घातली की आतली कडी उचकटून पडली. तरी दार उघडलं नाही; आतून दोघांनी ते दाबून धरलं होतं.

प्रयोग संपल्यावर अनुपम धावत आला. "काका, आजचा राग तर अगदी आतून आला! आतापर्यंतचा सगळ्यात खरा!"